परसात वन्यप्राणी येऊ लागला, तर पिंजरा कधी लावावा?

परसात रात्री कोणीतरी खुडबुडते, सकाळी वाफा उकरलेला दिसतो, पोटमाळ्यावर पावले वाजतात, आणि मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘पिंजरा लावू, पकडू आणि लांब झाडीत नेऊन सोडू.’ विष घालणे किंवा मारणे ज्यांना मनापासून नको असते, अशीच माणसे हा उपाय सुचवतात, आणि त्यामागच्या भावनेबद्दल मला आदर आहे. तरीही परसातल्या प्राण्यांशी वागताना, त्यांच्याविषयी वाचताना आणि ओळखीच्यांना मदत करताना माझे मत दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे की या वाक्यातला ‘लांब नेऊन सोडू’ हा भाग प्राण्याच्या जिवावर बेततो आणि आपल्या अडचणीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पिंजरा हे उपयोगी साधन आहे, मात्र त्याची वेळ बरीच उशिरा येते आणि तो लावणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते. ती जबाबदारी नेमकी कोणती, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रत्येक वन्यप्राण्याला आपला परिसर पाठ असतो. पाणी कुठे मिळते, कुत्रा कोणत्या बाजूला बांधलेला असतो, पाऊस आला की कोणत्या फटीत शिरायचे, कोणत्या कुंपणापलीकडे आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याची हद्द सुरू होते, हे तो लहानपणापासून शिकत आलेला असतो. अनोळखी रानात सोडल्यावर हे सारे ज्ञान कुचकामी ठरते. तिथे आधीपासून राहणारे प्राणी त्याला हुसकावतात, लपायला जागा ठाऊक नसल्यामुळे तो शिकारी प्राण्यांच्या सहज हाती लागतो, आणि परतीची वाट शोधताना रस्त्यावर वाहनाखाली येतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात संशोधकांनी उपनगरी वस्तीतून ३८ प्रौढ करड्या खारी जिवंत पकडून एका मोठ्या जंगलात सोडल्या आणि त्यांचा माग ठेवला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ८८ दिवसांच्या आत त्यांपैकी ९७ टक्के खारी एक तर मृत सापडल्या किंवा सोडलेल्या जागेतून नाहीशा झाल्या. आपण झाडीत दार उघडतो, प्राणी सुसाट पळतो, आपल्याला समाधान वाटते. त्यानंतर काय झाले ते पाहायला आपण तिथे नसतो.

आपल्या बाजूनेही या उपायातून फारसे काही साधत नाही. परसात अन्न, पाणी आणि आडोसा मिळतो म्हणून तो प्राणी तिथे आलेला असतो, आणि त्याला हलवल्यानंतरही या तिन्ही गोष्टी जागच्या जागीच राहतात. रिकामी झालेली जागा शेजारच्या हद्दीतला किंवा नुकताच आईपासून वेगळा झालेला एखादा तरुण प्राणी थोड्याच काळात व्यापतो. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे पिंजरे लावले जातात, त्यांच्याकडे वर्षानुवर्षे प्राणी सापडतही राहतात, याचे कारण हेच आहे.

रोगांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत शिकारीसाठी संख्या वाढावी म्हणून आग्नेयेकडील राज्यांतून रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मोठ्या मांजराएवढा प्राणी) पकडून उत्तरेकडे नेण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर रेबीजही गेला. १९७७ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात त्या भागातील पहिल्या बाधित रॅकूनची नोंद झाली आणि पुढे ही साथ अटलांटिक किनाऱ्याच्या राज्यांमधून पसरत १९९९ मध्ये कॅनडाच्या हद्दीत शिरली. बिबट्या हा परसातला किरकोळ उपद्रवी प्राणी नव्हे, पण जुन्नर परिसरातला अनुभव याच दिशेने जातो: या शतकाच्या सुरुवातीला तिथे बरेच बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यात आले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते. मोठ्या प्राण्याबाबत जे इतके ठळकपणे दिसते, ते लहान प्राण्याबाबत कोणी मोजत नाही, एवढाच फरक आहे.

म्हणूनच अनेक ठिकाणचे कायदे या बाबतीत कडक आहेत, आणि पिंजरा विकत आणण्याआधी आपल्या भागातला नियम विचारून घेणे हे पहिले काम आहे. कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत पकडलेला वन्यप्राणी परवानगीशिवाय दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. ब्रिटनमध्ये करडी खार बाहेरून आलेली आक्रमक जात मानली जाते, त्यामुळे ती एकदा पिंजऱ्यात सापडली की तिला पुन्हा मोकळे सोडणे बेकायदा आहे. म्हणजे तिथे पिंजरा लावणाऱ्याने पुढे तिला मारावे लागेल हे आधीच मान्य करायला हवे. ब्रशटेल पॉसम या झुपकेदार शेपटीच्या, झाडांवर राहणाऱ्या पिशवीधारी प्राण्याचे उदाहरण तर विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियात तो मूळचा आणि संरक्षित प्राणी आहे. घराच्या छतातून त्याला पकडलेच, तर व्हिक्टोरिया राज्यात पकडल्या जागेपासून ५० मीटरच्या आत आणि न्यू साउथ वेल्समध्ये १५० मीटरच्या आत त्याला सोडावे लागते. समुद्रापलीकडे न्यूझीलंडमध्ये मात्र तो एकोणिसाव्या शतकात फरच्या व्यापारासाठी आणला गेलेला, स्थानिक पक्ष्यांचा आणि झाडांचा नाश करणारा प्राणी आहे, आणि तिथे त्याला जिवंत सोडणे गुन्हा ठरतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार वन्यप्राण्याला सापळ्यात पकडणे, इतकेच काय तसा प्रयत्न करणे, हेही शिकारीत मोडते. मुंगूस, उदमांजर किंवा साळिंदर यांच्यासाठी आपल्या मनाने पिंजरा लावू नये, वनविभागाला कळवावे.

नियम समजून घेतल्यावरही लगेच पिंजऱ्याकडे वळू नये. आधी येणारा प्राणी कोण आहे ते ठरवावे, कारण आवाजावरून आणि नासधुशीवरून केलेले अंदाज फार वेळा चुकतात. माझ्या दृष्टीने हा या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. वाटेवर, भिंतीच्या कडेला किंवा बिळाच्या तोंडाशी संध्याकाळी बारीक चाळलेली माती किंवा कोरडे पीठ हातभर रुंदीत पातळ पसरून ठेवावे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी, तिरप्या उजेडात, खाली वाकून पाहावे. पुढच्या पंजाला चार आणि मागच्या पंजाला पाच बोटे उमटली असतील, तर तो उंदीर, घूस किंवा खार असण्याची शक्यता मोठी. चारही पंजांना पाच-पाच बोटे दिसली, तर मुंगूस, उदमांजर किंवा रॅकून यांच्याकडे लक्ष वळवावे. चार बोटे असून नखांच्या खुणा नसतील तर मांजर, आणि चार बोटांच्या पुढे नखांचे ठिपके असतील तर कुत्रा किंवा कोल्हा. पंजांच्या मधून जाणारी बारीक ओळ दिसली तर ती जमिनीवरून ओढलेली शेपटी असते. एकदा सवय झाली की प्राणी चालत होता की उड्या मारत होता, एकटा होता की पिल्ले बरोबर होती, हेही त्या हातभर पट्टीत वाचता येते.

लेंड्याही पुष्कळ सांगतात. उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याहून लहान असतात, मोठ्या घरउंदराच्या साधारण एक ते दोन सेंटीमीटर लांब. फळे खाणाऱ्या उदमांजराच्या विष्ठेत अख्ख्या बिया दिसतात. बीळ वापरात आहे की ओस पडले आहे हे पाहायचे असेल, तर त्याच्या तोंडात कागदाचा सैल बोळा किंवा सुके गवत अडकवून दोन-तीन दिवस थांबावे. आत कोणी राहत असेल तर ते बाहेर ढकललेले आढळते. या निरीक्षणातून अनेकदा असे लक्षात येते की ज्याला आपण उपद्रवी समजत होतो, तो प्राणी उपकारच करत होता. चिचुंद्रीला लोक उंदीर समजून मारतात, पण ती मुख्यतः किडे खाते. धामण परसात फिरते ती उंदरांच्या मागावर. रात्री वाफ्यात उकरणारा प्राणी कित्येकदा अळ्या शोधत असतो, आणि अळ्यांचा हंगाम संपला की तो आपोआप येईनासा होतो.

प्राणी ओळखल्यावर तो का येतो हे शोधणे सोपे जाते. उघडी कचरापेटी, पाळीव प्राण्यांसाठी रात्रभर बाहेर ठेवलेले ताट, झाडाखाली कुजत पडलेली फळे, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, झाकण नसलेला खताचा खड्डा, गळका नळ, भिंतीला टेकून रचलेली लाकडे: परसातले बहुतेक प्राणी यांपैकी कशासाठी तरी येतात. या गोष्टी आवरल्यावर दोन आठवडे थांबून पुन्हा मातीची पट्टी पाहावी. पुष्कळ ठिकाणी प्रश्न इथेच संपतो, आणि पिंजऱ्याचा विषयही निघत नाही.

घरात किंवा छतात शिरणाऱ्या प्राण्यांसाठी फटी बुजवणे हाच टिकाऊ उपाय आहे. लहान उंदराला सहा मिलिमीटरची, म्हणजे शिसपेन्सिल जेमतेम शिरेल एवढी, फट पुरते; मोठ्या उंदराला बारा मिलिमीटर पुरतात. नळ आणि वायरी भिंतीतून जातात त्या जागा, छपराच्या कडा, हवेच्या जाळ्या आणि दाराच्या खालची फट या चार ठिकाणी नीट पाहिले तरी निम्मे काम होते. फोम किंवा लाकडाची पट्टी पुरत नाही, कारण उंदीरवर्गातले प्राणी ती कुरतडतात. तिथे पत्रा, सिमेंट किंवा जाड तारेची बारीक जाळीच हवी. खुराड्याच्या किंवा ओट्याच्या खाली उकरून शिरणाऱ्यांसाठी जाळी सुमारे तीस सेंटीमीटर खोल पुरावी आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवावी. प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतो, त्याच्या पंजाला जाळी लागते, आणि चार पावले मागे येऊन तिथून उकरावे हे सहसा त्याला सुचत नाही. छपरावर येणाऱ्या फांद्या दोन-तीन मीटर मागे छाटल्या, तर खारींचा आणि उंदरांचा रस्ताच तुटतो.

प्राणी आत असतानाच फट बुजवली, तर तो आतमध्ये तडफडून मरतो आणि त्याआधी बाहेर पडण्यासाठी घराची दुर्दशा करतो. यावर एकमार्गी झडप हा उत्तम उपाय आहे. बाकी सर्व फटी बंद करून मुख्य वाटेवर फक्त बाहेरच्या दिशेने उघडणारी झडप बसवली की प्राणी अन्नासाठी बाहेर पडतो आणि परत आत येऊ शकत नाही. तो आपल्याच ओळखीच्या परिसरात राहतो, हात न लावता बाहेर जातो आणि दुसरा निवारा शोधतो. पिंजऱ्याच्या तुलनेत ही पद्धत मला सर्व दृष्टींनी सरस वाटते. अट एकच: आत पिल्ले असता कामा नयेत. दिवसाढवळ्या पुन्हा पुन्हा ये-जा करणारी मादी, तोंडात गवत किंवा चिंध्या नेणारी मादी, छतातून येणारी बारीक चिरचिर, या खुणा दिसल्या तर काही आठवडे आवाज सहन करावा. पिल्ले फिरती झाली की मादी त्यांना घेऊन बरेचदा आपणहून निघून जाते.

इतके करूनही काही प्रसंगी पिंजरा लागतोच. एखादा प्राणी बंद खोलीत किंवा गोदामात अडकला आहे आणि बाहेरची वाट त्याला सापडत नाही. एखादा जखमी आहे आणि त्याला उपचारासाठी न्यायचे आहे. सर्व फटी बुजवल्यावरही घरात उंदीर उरले आहेत. किंवा परवानाधारक माणसाच्या देखरेखीखाली आक्रमक परदेशी जातीचा बंदोबस्त करायचा आहे. अशा वेळी पिंजरा नीट निवडावा आणि नीट लावावा.

पिंजऱ्याची लांबी अशी हवी की प्राणी पूर्ण आत गेल्यावर त्याची शेपटी खाली येणाऱ्या दारात चेंगरणार नाही. खारीसाठी साधारण ४५ सेंटीमीटर लांबीचा पिंजरा चालतो, रॅकून किंवा मोठ्या मांजराएवढ्या प्राण्याला ८० सेंटीमीटरच्या आसपास लागतो. जाळीचे चौकोन बारीक असावेत, कारण मोठ्या चौकोनांतून प्राणी पंजा किंवा तोंड बाहेर काढून स्वतःला जखमा करून घेतो. आतल्या बाजूला तारेची टोके बाहेर आलेली नाहीत ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. पिंजऱ्याच्या तळाशी मध्याच्या पुढे एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर पाय पडला की बारीक सळई सरकते, खटका सुटतो आणि दार पडते. ही पट्टी किती वजनाने दबते ते आधी काठीने दाबून तपासावे. उंदरासाठी ती अगदी हलकी हवी. मोठ्या प्राण्यासाठी थोडी जड ठेवली, तर चुकून शिरलेल्या लहान प्राण्यावर दार पडत नाही.

जागा निवडताना प्राण्याच्या नेहमीच्या वाटेच्या कडेला, भिंतीला किंवा कुंपणाला लागून, सावलीत आणि सपाट जमिनीवर पिंजरा ठेवावा. तो जराही डुगडुगता कामा नये. पाय टाकताच हललेला पिंजरा प्राणी पुन्हा सहसा आजमावत नाही. तळाच्या तारांवर थोडी माती किंवा पाने पसरली की पायाला परके वाटत नाही. आमिष पट्टीच्या पलीकडे, मागच्या टोकाला ठेवावे आणि दारापासून तिथपर्यंत दोन-चार कण टाकत जावे. माझ्या अनुभवात मांसमच्छीचे आमिष टाळलेलेच बरे, कारण त्याने आजूबाजूची सगळी मांजरे गोळा होतात. फळाचा तुकडा किंवा शेंगदाण्याचा लगदा बहुतेकांना पुरतो. मोठा घरउंदीर नव्या वस्तूला फार बिचकतो, त्यामुळे त्याच्यासाठी दार बांधून उघडे ठेवावे आणि काही रात्री आमिष तसेच खाऊ द्यावे. तो निर्धास्तपणे आत जाऊ लागला की मगच खटका चढवावा. लहान उंदराचा स्वभाव उलटा, त्याला नवी वस्तू हुंगून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

पिंजरा लावला की तो पाहायला जाणे हे त्याच कामाचा भाग आहे, आणि याबाबत मी कोणतीही सवलत मानत नाही. रात्री फिरणाऱ्या प्राण्यासाठी पिंजरा तिन्हीसांजेला लावावा, पहाटेच पाहावा आणि दिवसभर बंद ठेवावा. दिवसा फिरणाऱ्यासाठी दर दोन-तीन तासांनी नजर टाकावी. कडक ऊन, मुसळधार पाऊस, थंडीची लाट यांपैकी काही असेल, किंवा आपण गावाला जाणार असू, तर पिंजरा लावूच नये. सापडलेल्या प्राण्याला पाणी मिळत नाही, सावलीत सरकता येत नाही आणि लपता येत नाही. चिचुंद्रीसारख्या प्राण्याचा जठराग्नी इतका प्रखर असतो की काही तास अन्न मिळाले नाही तरी ती मरते. काही प्राणी तर सोडल्यानंतर दगावतात: पकडले जाण्याच्या भीतीने आणि धडपडीने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात, मूत्रपिंडे आणि हृदय निकामी होऊ लागतात, आणि वरवर ठणठणीत वाटलेला प्राणी दोन-तीन दिवसांनी मरून पडतो.

पहाटे पिंजऱ्यात प्राणी दिसला की आपण त्याच्याभोवती गोळा होतो, मुलांना उठवून आणतो, टॉर्च मारतो, फोटो काढतो. हे सर्व टाळावे. जवळून पाहिले तर दिसते की त्याच्या नाकाचा शेंडा तारांवर घासून सोलवटलेला आहे, आमिषाला त्याने तोंडही लावलेले नाही, कान मागे चपटे झाले आहेत आणि बरगड्या इतक्या वेगाने हलत आहेत की श्वास मोजता येत नाहीत. अशा वेळी एक जुनी चादर दोन्ही हातांनी समोर धरून हळू पुढे जावे आणि पिंजरा पूर्ण झाकावा. अंधार झाला की बहुतेक प्राणी काही क्षणांत शांत होतात. स्कंक ज्या देशांत आहे तिथे तर चादर आपल्यालाही वाचवते, कारण त्याचा दुर्गंधी फवारा काही मीटरपर्यंत पोहोचतो आणि समोर कोणी दिसल्याशिवाय तो सहसा उडवत नाही. जाड हातमोज्यांशिवाय पिंजऱ्याला हात लावू नये आणि जाळीतून बोट आत घालू नये.

आता पोट पाहावे. सड फुगलेले आणि त्यांच्याभोवतीचे केस गेलेले असतील, तर ती दूध पाजणारी आई आहे आणि जवळच कुठेतरी पिल्ले तिची वाट पाहत आहेत. तिला तिथल्या तिथे, त्याच क्षणी सोडावे. मांजर, पक्षी, काटेरी जाहक (हेजहॉग), असा भलताच प्राणी सापडला असेल तरीही तेच करावे. ज्याला पकडायचे होते तो सापडला आणि कायदा परवानगी देत असेल, तर त्यालाही त्याच परिसरात, घरात शिरायची वाट बुजवून झाल्यावर, सोडावे असे माझे ठाम मत आहे. रात्री फिरणाऱ्याला संध्याकाळी, दिवसा फिरणाऱ्याला सकाळी सोडावे. दार झुडपांच्या दिशेला ठेवावे, आपण पिंजऱ्याच्या मागे उभे राहावे, कुत्र्याला आत बांधावे, आणि प्राणी निघाला नाही तर पिंजरा हलवून किंवा काठीने ढोसून त्याला बाहेर काढू नये. दार उघडे अडकवून दूर जावे, तो आपल्या वेळेने निघतो.

काही प्राण्यांसाठी घरच्या माणसाने पिंजऱ्याचा विचारच करू नये. साप दिसला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवावी आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. माकडे टोळीने राहतात. एकाला पकडले तर बाकीची चवताळतात, आणि त्यांचा चावा फार धोकादायक असतो. वटवाघळांना एकमार्गी जाळीने बाहेर काढता येते, पण त्यांची पिल्ले उडू लागेपर्यंत थांबावेच लागते. फळझाडांवर टाकायच्या जाळ्यांबद्दलही इथेच सांगते: मोठ्या छिद्रांच्या सैल नायलॉन जाळीत वटवाघळे, साप आणि पक्षी अडकून रात्रभर लोंबकळत मरतात. व्हिक्टोरिया राज्याने २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी पाच मिलिमीटरहून मोठ्या छिद्रांच्या जाळीवर बंदी घातली आहे. जाळीच्या छिद्रातून करंगळी जात असेल, तर ती जाळी झाडावर टाकू नये.

चिकट पाट आणि विष यांना मी घरात जागा देत नाही. चिकट पाटावर अडकलेला उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर, जिवंत राहतो, स्वतःचे केस आणि कातडी ओरबाडत सुटायला पाहतो. हे पाहवत नाही म्हणून लोक तो पाट तसाच कचऱ्यात टाकतात. इंग्लंडने २०२२ मध्ये कायदा करून जुलै २०२४ पासून सर्वसामान्य लोकांना हे पाट वापरण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. रक्त न गोठू देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि गव्हाणी घुबड, धामण किंवा शेजारचे मांजर नेमका त्यालाच उचलते. उंदरांचा बंदोबस्त मारूनच करायचा असेल, तर चांगल्या जातीचा, जोरात मिटणारा आणि एका फटक्यात जीव घेणारा सापळा या दोन्हींपेक्षा कितीतरी दयाळू आहे, हे मी संकोच न करता लिहिते.

हाताळणीत चावा किंवा ओरखडा झाला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. प्राणी निरोगी दिसत होता, एवढ्यावर रेबीजची लस टाळू नये. छतातली किंवा गोदामातली लेंड्यांची घाण कोरडी झाडू नये, कारण तिच्या धुळीबरोबर रोगजंतू श्वासात जातात. आधी जंतुनाशक पाणी शिंपडून ती भिजवावी, थोडा वेळ थांबावे आणि मग हातमोजे घालून पुसून काढावी.

काम झाल्यावर पिंजराही ब्रशने घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुऊन उन्हात वाळवावा. ठेवताना त्यात आमिषाचा कण राहू देऊ नये, आणि दार तारेने बांधून कायमचे बंद करावे किंवा पूर्ण उघडे अडकवावे. अडगळीत अर्धवट खटका चढलेल्या अवस्थेत पडलेला पिंजराही प्राणी पकडतो, आणि तिथे पहाटे पाहायला कोणी जात नाही.